डोळ्यांत धूळ, कीं आणखी कांहीं?

बारामतीच्या एक भगिनी लिहितात कीं, बहिणीची अस्थिमज्जा देऊन मुलाचा रक्ताचा कर्करोग हटला. आतां सहा महिन्यांनीं त्याचे डोळे चुरचुरतात, आणि घरचे म्हणतात, इंदापूरच्या रस्त्याची धूळ! वैशाखांतील ती धूळ आम्हांसही ठाऊक आहे. पण तिच्यावर आळ घेऊन थांबूं नये. १९८३ सालीं मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत भारतांतील पहिलें असें रोपण झालें, तेव्हांपासून कित्येकांस जीवदान मिळालें. परंतु परक्या मज्जेंतील पेशी कधीं कधीं यजमानाच्याच देहावर उलटतात. अश्रुग्रंथी सुकतात, उजेड सोसवत नाहीं, आणि उपेक्षा झाल्यास बुबुळावर व्रण पडून दृष्टीस धोका पोंचतो.

दुकानांतून मागून आणलेले थेंब घालूं नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास डोळ्यांतील दाब वाढतो व जंतूंना रान मोकळें मिळतें. (गुलाबपाण्याचें तर नांवच नको.) नेत्रवैद्य पापणींत कागदाची पट्टी धरून अश्रू मोजतात, ५ मिनिटांत ती ५ मिलिमीटरही भिजली नाहीं तर कोरड मोठी समजतात. मग कृत्रिम अश्रू, प्रसंगीं रुग्णाच्याच रक्ताच्या निवळीचे थेंब देतात. हे पुण्याहून आणावयाचे झाल्यास बर्फाच्या डब्यांतूनच आणावेत. रोपण करणाऱ्या वैद्यांसही आजच कळवावें, आणि तोंड कोरडें पडतें काय, अंगावर चट्टे आहेत काय, हेंही सांगावें.