देव्हारे अनेक, दार कोणासाठी?

हिंदू धर्माचा परिचय वेद, उपनिषदे आणि गीता यांपासून सुरू करण्याचा प्रघात आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील माणूस प्रत्यक्षात कशाची पूजा करतो हे पाहू लागले की हा आरंभ अपुरा पडतो.

मार्गशीर्षातील अमावस्येला लातूर शहर ओस पडते. वेळ अमावस्या, लोकांच्या तोंडी येळवस, हा शेताचा सण. कडब्याची कोप उभी करायची, तीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी आणि उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, उभ्या ज्वारीत आंबील शिंपडायची आणि आल्यागेल्यास जेवू घालायचे. येथे देऊळ नाही, पुरोहित नाही, पोथीही नाही. याच सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि देवदर्शनाबरोबर जनावरांचा मोठा बाजारही भरतो. लाल कंधारी आणि देवणी बैलांच्या बळावर ज्यांची शेती चालली, त्यांचा देव बाजारापासून अलग राहणे शक्यच नव्हते. उपासना श्रमाच्या जीवनातून उगवते ती अशी.

माहूरच्या डोंगरांवर रेणुका आहे, अनसूया आहे, दत्त आहे. तेथेच महानुभावांचे देवदेवेश्वर आहे. त्यांचे श्रीदत्तात्रेय प्रभू पंचकृष्णांपैकी एक, त्रिमूर्तीहून निराळे. सोनापीराचा दर्गाही त्याच परिसरात आहे. लिंगायत अंगावरील इष्टलिंग पूजतो आणि मन्मथस्वामींच्या कपिलधारला पायी जातो. वारकरी पंढरीची वाट धरतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथसाहिबाचे पठण होते, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. पंथांच्या सीमा नकाशावरील रेषांसारख्या येथे कधीच नव्हत्या.

हा पसारा एका व्याख्येत बसवायचा कसा, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. हरिजनांना मंदिरे खुली करणारा कायदा आपणांस लागू नाही, कारण आपला पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे, असा दावा अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी केला होता. १४ जानेवारी १९६६ रोजी सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी तो फेटाळला. एक प्रेषित, एक देव, एक विधी यांत न मावणारी जीवनपद्धती, असे हिंदू धर्माचे वर्णन त्या निकालात आहे. व्याख्या रुंद झाली ती दार रुंद करण्यासाठी, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अर्थात रुंद व्याख्या दुसऱ्याला गिळूही शकते. स्वतंत्र धर्माच्या मान्यतेसाठी २०१७ साली लातुरात निघालेला लिंगायतांचा विराट मोर्चा हेच बजावत होता.

तथापि विविधता म्हणजे समता नव्हे. प्रत्येक जातीचा देव वेगळा आणि प्रत्येकाची पायरी ठरलेली, अशीही विविधता असू शकते. किंबहुना शतकानुशतके ती तशीच होती. पंढरपूरचे दार उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. १९५६ साली बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह ते दार ठोठावणेच सोडून दिले. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या आणि नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. असंख्य देव एका गावात नांदवणाऱ्या समाजाला एका माणसाचे नाव विद्यापीठाला द्यायला १४ जानेवारी १९९४ पर्यंतचा काळ लागला.

सगळ्या उपासना एकाच साच्यात ओतू पाहणारे आज प्रबळ आहेत. त्यांना उत्तर देताना, श्रमिकांची सारी श्रद्धा अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढण्याची चूक कार्यकर्त्यांनी करू नये. तसे केल्यास येळवसही आपण होऊन त्या साच्याच्या स्वाधीन केली जाईल. त्याचबरोबर विविधतेच्या नुसत्या कौतुकात रमूनही भागणार नाही. गावोगावच्या देवस्थानांत तीन साधे प्रश्न विचारावेत: आत कोण जाऊ शकतो, पूजा कोण करतो, दानपेटीचा हिशेब कोणाला मिळतो? पंढरपुरात हे प्रश्न विचारले गेले, १९७३ साली कायदा झाला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले. त्याने विठ्ठल बाटला नाही, वारीही थांबली नाही.