मेंदूचे काप कोण करतो?

आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी निघते. वर्धेच्या काठावरून थेट पंढरपूर. शेकडो मैल चालून ती ज्या महाद्वाराशी पोचते, त्याच्या बाहेर चोखोबाची समाधी आहे. बाहेर! हे ध्यानात ठेवा. बोलायचंय ते मात्र देवळाबद्दल नाही, प्रयोगशाळेबद्दल.

याच कौंडण्यपूरच्या आपल्या वस्तीतला पोरगा बी.एस्सी. झाला आणि मेंदू-संशोधनाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन म्हणून लागला, असं धरा. उंदराचा मेंदू रसायनात कडक करायचा, मायक्रोटोमवर केसाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर चढवून रंगवायचे. एक काप फाटला की सगळी मेहनत मातीत. हात त्याचा, डोळा त्याचा. पेपर छापून येतो तेव्हा त्याचं नाव खाली आभारात, तेही आलं तर.

पुढं शीक म्हणून त्याला सगळेच सांगतात. शिकावंच! एम.एस्सी. करावी, नेट द्यावी, पीएच.डी. करावी. पण ही शिडी वर कुठं तोडून ठेवलीय तेही सांगा ना त्याला.

2019 साली 13 पॉइंट रोस्टरविरुद्ध पोरं रस्त्यावर आली. 5 मार्चला भारत बंद झाला. सरकार वाकलं, अध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा आला, आपण गुलाल उधळला. त्या कायद्याचं चौथं कलम किती जणांनी वाचलं? 'श्रेष्ठ' संस्थांना अध्यापकांच्या आरक्षणातून सूट! यादीत कोण? मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आणखी बरीच. प्रवेशासाठीच्या 2006 च्या कायद्यातही यांना हीच सूट. म्हणजे टेक्निशियनची जागा रोस्टरवर भरतात, अन् प्रोफेसरच्या खुर्चीला आरक्षण लागलं की श्रेष्ठता बाटते! याला विटाळ नाही तर काय म्हणायचं?

अमेरिकेत व्हिव्हियन थॉमस नावाचा काळा टेक्निशियन होता. मामला हृदयाचा होता, पण जात तीच. 1930 साली डॉ. ब्लेलॉकच्या प्रयोगशाळेत लागला, पगार झाडूवाल्याचा. निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया त्यानं कुत्र्यांवर करून करून बसवली. 29 नोव्हेंबर 1944 ला जॉन्स हॉपकिन्समध्ये ती पहिल्यांदा झाली, तेव्हा तो ब्लेलॉकच्या मागं स्टुलावर उभा राहून पुढचा टाका कुठं घ्यायचा ते सांगत होता. 1945 च्या पेपरवर नावं ब्लेलॉक आणि टॉसिग यांची. त्याला मानद डॉक्टरेट आणि अध्यापकपद मिळालं 1976 मध्ये. सेहेचाळीस वर्षं! आमच्या पोरांनी एवढं थांबायचं?

टेक्निशियन दोस्तांनो, कामाची वही स्वतःच्या नावानं, तारखेवार ठेवा. पेपर निघायच्या आधी नाव मागा, नंतर नाही. आणि संघटनेच्या कार्यकर्त्यांनो, ती अनुसूची बदलायला नवा कायदाही लागत नाही. केंद्र सरकारची राजपत्रातली एक अधिसूचना पुरते. निवेदनात संस्थांची नावं घालून मागा, मोघम नको.