उजवीकडे जायचंय? मग डावीकडे वळा! इंटरचेंजवर आपण का चुकतो आणि चांगल्या पाट्या काय करू शकतात?

गाडी ८० च्या स्पीडला आहे. मॅपवाल्या ताई म्हणतात, "डावीकडे राहा." समोर डावीकडे दोन रस्ते फुटतात, एक वर चढतो, एक खाली उतरतो. डोक्यावरच्या हिरव्या पाटीवर सहा गावांची नावं आहेत. आपलं गाव शोधेपर्यंत फाटा मागे गेलेला असतो.

आता पुढे काय करायचं? नियम सांगतो, सरळ पुढे जा आणि पुढच्या ठिकाणाहून वळून या. पण आपल्याकडे रोज कुणी ना कुणी हायवेवर ब्रेक मारतं, कुणी गाडी रिव्हर्स घेतं, तर कुणी सरळ राँग साईडने परत येतं. अशा चालकाला शिव्या घालणं सोपं आहे. पण तो तिथे चुकला कसा, हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो.

चांदणी चौकाचं उदाहरण घ्या

पुण्यातला चांदणी चौक म्हणजे मुंबई-बंगळुरू महामार्गावर कोथरूड, बावधन, पाषाण, मुळशी आणि एनडीएकडचे रस्ते एकत्र येतात ती जागा. ट्रॅफिक जॅमसाठी ती इतकी बदनाम झाली होती की २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे इथला जुना पूल स्फोटकं लावून पाडण्यात आला आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते टीव्हीवर पाहिलं. मग नवे पूल, रॅम्प, अंडरपास असं सुमारे १७ किलोमीटरचं जाळं उभं राहिलं. खर्च साधारण ८६५ कोटी. १२ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

जॅमचा प्रश्न बराच सुटला, पण लगेच नवी तक्रार सुरू झाली, ती म्हणजे कुठल्या रॅम्पने कुठे जायचं हेच कळत नाही. वर्षानुवर्षं त्या भागात राहणारे लोकही पहिल्या काही दिवसांत भलतीकडेच निघत होते.

यामागचं कारण लोकांचा वेंधळेपणा नाही, तर इंटरचेंजची रचनाच आपल्या सवयीच्या उलट असते.

साध्या चौकात उजवीकडे जायचं असेल तर आपण उजव्या लेनमध्ये जातो आणि सिग्नल सुटला की वळतो. इंटरचेंजवर असं चालत नाही. समोरून येणारी वाहनं आडवी येऊ नयेत म्हणूनच तर तो बांधलेला असतो. मुंबईहून साताऱ्याकडे जाताना मुळशी तुमच्या उजव्या हाताला येतं. पण महामार्गावरून थेट उजवीकडे वळता येत नाही. आधी डावीकडे बाहेर पडायचं आणि मग महामार्ग ओलांडून पलीकडे जायचं. म्हणजे उजवीकडचं गाव गाठायला आधी डावीकडे, तेही चौक दिसायच्या आधीच.

ही गोष्ट चालकाला कुणीतरी वेळेत सांगावी लागते. ते काम पाटीचं.

पाटी वाचायला किती वेळ मिळतो?

थोडं गणित करू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. रस्त्यावरच्या अक्षरांसाठी एक ठोकताळा वापरला जातो, एक इंच उंचीचं अक्षर ३० फुटांवरून वाचता येतं. त्या हिशोबाने एक फूट उंचीचं अक्षर साधारण ११० मीटरवरून दिसेल. म्हणजे तुमच्या हातात फार तर ५ सेकंद. त्यातही गाडी अगदी जवळ गेली की पाटी नजरेच्या वर निघून जाते. शेजारून ट्रक जात असतो, आरशात बघायचं असतं, ते वेगळंच.

या ५ सेकंदांत सहा नावं, तीही मराठी आणि इंग्रजीत, म्हणजे बारा ओळी. माणूस त्यातल्या दोन-तीनच नीट वाचतो.

शिवाय वाचून झालं म्हणजे काम झालं असंही नाही. तुम्ही उजवीकडच्या लेनमध्ये असाल तर दोन लेन ओलांडून डावीकडे यावं लागतं. रस्ता मोकळा असला तरी त्यात २०० मीटर सहज जातात. थोडक्यात, फाट्याच्या तोंडाशी लावलेली पाटी चालकाला रस्ता दाखवत नाही, आपण चुकलो एवढंच सांगते.

मग गुगल मॅप आहे ना?

आहे, पण इंटरचेंज ही मॅपचीही अवघड जागा आहे. मोबाईलमधलं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. शेजारी-शेजारी जाणारे दोन रॅम्प किंवा वर पूल आणि खाली सर्व्हिस रोड असेल, तर तुम्ही नेमके कशावर आहात याचा अंदाज चुकतो. फ्लायओव्हरवर चढायचं की खालून जायचं, हे सांगणारी सोय गुगलने भारतातल्या ४० शहरांत जुलै २०२४ मध्ये आणली. म्हणजे अडचण किती मोठी होती ते बघा.

आणि मॅपवर आंधळा विश्वास किती महागात पडतो, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ दिसलं. रामगंगा नदीवरच्या अर्धवट पुलावरून कार खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. ते नेव्हिगेशन बघून जात होते, ही गोष्ट सगळीकडे गाजली. पण त्या तुटक्या पुलाच्या आधी रस्ता पक्का अडवलेला आणि ठळक इशारा लावलेला असता, तर मॅप चुकूनही गाडी थांबली असती.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. यातले ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे. दुसऱ्या नंबरवर राँग साईड ड्रायव्हिंग, ५.४ टक्के. म्हणजे वर्षाला ९ हजारांच्या आसपास जीव.

हे सगळे लोक फाटा चुकल्यामुळेच राँग साईडला गेले, असं अजिबात नाही. बरेच जण पेट्रोल वाचवायला जातात, बरेच कट नसतो म्हणून जातात. पण जी चूक पाटी नीट असती तर झालीच नसती, ती तरी टाळता येण्यासारखी आहे. समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या महामार्गावर तर ती जास्तच महत्त्वाची. तिथे एक इंटरचेंज हुकला की मध्ये कुठे यू-टर्न नाही, थेट पुढचा गाठावा लागतो. फेरा जितका लांबचा, तितका शॉर्टकटचा मोह मोठा.

बाहेर काय केलंय?

१९५८ मध्ये ब्रिटनचा पहिला मोटरवे, प्रेस्टन बायपास, सुरू झाला. तोपर्यंतच्या तिथल्या पाट्या हळू चालणाऱ्या गाड्यांसाठी होत्या. जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट या डिझायनर जोडीने वेगात वाचता येतील अशी अक्षरं आणि नकाशासारखी दिसणारी पाटी तयार केली, आणि या मोटरवेवर त्या पाट्यांचा प्रयोग झाला. आजही तिथे फाट्याच्या एक मैल आधी पाटी येते, मग अर्धा मैल आधी, आणि शेवटी ३००, २००, १०० यार्डांवर तीन, दोन, एक रेघांच्या खुणा. चालकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

दक्षिण कोरियाची गोष्ट आणखी साधी आहे. २०११ मध्ये तिथल्या आन्सान जंक्शनवर अपघात थांबत नव्हते. महामार्ग महामंडळातले कर्मचारी यून सोक-दोक यांनी घरी मुलीला चित्र रंगवताना पाहिलं आणि त्यांना कल्पना सुचली, की रस्त्यावरच रंग द्यायचा. या दिशेला जायचंय तर गुलाबी पट्टा धरा, त्या दिशेला जायचंय तर हिरवा. वाचायची गरजच नाही. तिथले अपघात कमी झाले आणि हे पट्टे पुढे देशभर पसरले.

आपल्याकडे याचा फायदा जास्तच होईल. महाराष्ट्रातल्या महामार्गांवर तमिळनाडूपासून पंजाबपर्यंतचे ट्रकचालक असतात. सगळ्यांना मराठी वाचता येत नाही, अनेकांना इंग्रजीही नाही. रंग मात्र सगळ्यांना कळतो. अर्थात, आपल्या पावसाळ्यात रंग टिकत नाही, त्यामुळे दरवर्षी पुन्हा मारायचं बजेट आधीच धरावं लागेल.

मग आपल्याकडे अडतंय कुठे?

नियमांचा दुष्काळ नाही. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ६७ ही सविस्तर संहिता आहे. कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. रस्त्याच्या डिझाइन, बांधकाम किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार किंवा सल्लागाराला दंड होऊ शकतो. किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. शेकडो कोटींच्या कामात एक लाख.

खरी अडचण क्रमाची आहे. आधी पूल, मग फीत, मग तक्रारी, आणि मग पाट्या. पाटी हा रस्त्याचा भाग न समजता शेवटी लावायची वस्तू समजली जाते. लागल्यावरही तिच्यासमोर झाड वाढतं, ती धुळीने माखते, नाहीतर तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढतो.

उपाय फार खर्चिक नाही. इंटरचेंज सुरू करण्याआधी बाहेरगावचे पंधरा-वीस चालक आणायचे, दिवसा आणि रात्री, मोबाईल बंद ठेवून त्यांना ठरलेल्या ठिकाणी जायला सांगायचं. जिथे ते चुकतील तिथली पाटी बदलायची. पूल वजन पेलतो का, याची चाचणी आपण घेतोच. तो चालकाला कळतो का, याचीही घ्यायला काय हरकत आहे?

तोपर्यंत आपण काय करायचं?

अनोळखी इंटरचेंज येणार असेल तर निघण्याआधीच तो मॅपवर झूम करून बघा. दोन किलोमीटर आधीच डाव्या लेनला या. शेजारी कुणी बसलं असेल तर मॅप त्याच्या हातात द्या. आणि फाटा चुकलाच, तर पुढे जा. दहा मिनिटं आणि थोडं पेट्रोल जाईल, जाऊ द्या.

पाटी झाकलेली, पडलेली किंवा चुकीची दिसली तर राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे. गाडी चालवताना नाही, पण पुढच्या चहाच्या थांब्यावर फोन करून जागा आणि दिशा सांगा. तुमच्या मागून त्या रस्त्याने पहिल्यांदाच येणारा कुणीतरी नक्की असेल.