धुतल्याने कॅडमियम जात नाही

मा. संपादक,


गेल्या अंकात रेल्वे रुळांकडेच्या पालेभाजीवर लिहिताना लेखकाने ‘माती सगळं गाळून घेते, उरलेलं धुतल्यावर जातं’ असा निर्वाळा दिला आहे. तो चुकीचा आहे.

धुतल्याने पानावर बसलेली धूळ आणि तिच्यातले शिसे बरेचसे निघते, एवढेच खरे. कॅडमियम पानाच्या आत असते. मुळे ज्या वाटेने जस्त ओढतात, त्याच वाटेने तेही शिरते आणि पालकासारख्या भाजीच्या पानांत साठते. रोप मात्र टवटवीत दिसते. त्यामुळे ‘विषारी असती तर भाजी वाढलीच नसती’ हा युक्तिवादही टिकत नाही.

‘आजवर कोण आजारी पडलं?’ याचे उत्तर जपानमध्ये मिळते. कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून तोयामाच्या भातखाचरांत उतरले, तिथून तांदळात. आधी मूत्रपिंडे बिघडली, मग हाडे इतकी कमकुवत झाली की खोकल्यानेही मोडत. रुग्ण बहुतेक वयस्क बायका. सरकारने कारण मान्य केले १९६८ मध्ये. खाचरांची माती बदलण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच दहा ते तीस वर्षे लागतात. दोन दिवस ताप येऊन कळावा असा हा आजार नाही.

भाजी पिकवणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल, ही लेखकाची काळजी रास्त आहे. पण तीच भाजी त्यांची मुलेही खातात. बंदी कोणीच मागितलेली नाही. या भाजीला दिले जाणारे नाल्याचे पाणी आणि तिथली माती तपासा, आकडे जाहीर करा, एवढीच मागणी आहे. लेखकाकडे ते आकडे असतील तर पुढच्या अंकात द्यावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे