प्रती अनेक, भरवसा किती?

दक्षिण कोरियातील डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात २६ सप्टेंबर २०२५ रोजी लिथियम-आयन बॅटऱ्या हलविण्याचे काम सुरू असताना आग लागली आणि ६००हून अधिक सरकारी यंत्रणा ठप्प झाल्या. यांपैकी बहुतेक यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू करता आल्या. मात्र, सरकारी कर्मचारी आपले दस्तऐवज ज्यात ठेवत, त्या 'जी-ड्राइव्ह'मधील सुमारे ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. त्याची प्रत केंद्राबाहेर कोठेही नव्हती. साठा अवाढव्य असल्याने बाह्य प्रत ठेवणे जमले नाही, असे स्पष्टीकरण अधिकाऱ्यांनी दिले. साठा जेवढा मोठा, तेवढी त्याची राखण कठीण, ही अडचण केवळ कोरियाची नाही.

मोठ्या माहिती केंद्रांत हजारो डिस्क एकत्र जोडून एक सामायिक साठा केला जातो आणि त्यातून प्रत्येक सर्व्हरला हवा तेवढा कप्पा दिला जातो. या कप्प्याला 'व्हॉल्यूम' म्हणतात. सर्व्हरच्या लेखी ती साधी डिस्कच असते. केंद्रात दहा हजार डिस्क असतील आणि वर्षाला त्यांपैकी एक टक्का जरी बिघडल्या, तरी दर तीन-चार दिवसांनी एक डिस्क निकामी होणार. त्यामुळे प्रत्येक व्हॉल्यूमची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवली जाते. एक प्रत नाहीशी झाली की यंत्रणा मोकळी जागा शोधून आपोआप नवी प्रत तयार करते.

उपायच अपायकारक

हाच उपाय संकट कसे ओढवून घेतो, हे अॅमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया येथील केंद्रांत २१ एप्रिल २०११ रोजी दिसले. नेटवर्कची क्षमता वाढविण्याचे नेहमीचे काम सुरू असताना माहितीची वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या दुय्यम नेटवर्कवर वळविली गेली. व्हॉल्यूम आणि त्यांच्या प्रती यांचा संपर्क तुटला. नेटवर्क पूर्ववत होताच असंख्य व्हॉल्यूम एकाच वेळी नव्या प्रतीसाठी जागा शोधू लागले. मोकळी जागा पाहता पाहता संपली, पण शोध थांबेना. त्या विभागातील सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अडकून पडले. सर्व विभागांचे नियंत्रण करणारी यंत्रणा सामायिक होती. अडकलेल्या विभागाच्या मागण्यांखाली तीच दबल्याने शेजारच्या विभागांनाही झळ पोहोचली. रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर ही संकेतस्थळे विस्कळीत झाली.

दुरुस्तीला काही दिवस लागले. इतर ठिकाणची अतिरिक्त यंत्रे आणून जागा वाढवावी लागली. अखेर बाधित विभागातील ०.०७ टक्के व्हॉल्यूम सुस्थितीत परत मिळालेच नाहीत, असे कंपनीने आपल्या अहवालात मान्य केले. आकडा नगण्य वाटतो. परंतु ज्याचे व्हॉल्यूम गेले, त्याच्यासाठी नुकसान शंभर टक्के असते. या अनुभवानंतर कंपनीने राखीव जागा वाढविण्याचे, अपयश आल्यास पुन:प्रयत्नांचा वेग कमी करण्याचे आणि विभागांचे नियंत्रण अधिक अलग ठेवण्याचे ठरविले.

प्रत आणि बॅकअप

प्रती कितीही असल्या, तरी मानवी चुकीपुढे त्या हतबल ठरतात. मूळ ठिकाणी माहिती पुसली की प्रतीतूनही ती तत्काळ पुसली जाते. 'गिटलॅब' या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबीचा डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे अनेक मार्ग कागदावर होते. प्रत्यक्षात त्यांतील एकही ऐन वेळी कामी आला नाही. सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट हाती लागला, म्हणून नुकसान सहा तासांच्या माहितीवर निभावले.

आपल्यासाठी बोध

भारतात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. देयक व्यवहारांची माहिती देशातच साठविण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये दिला. मुंबई-नवी मुंबई परिसर माहिती केंद्रांचे प्रमुख आगर बनला आहे. सातबारा उताऱ्यापासून बँक खात्यापर्यंत बहुतेक नोंदी आज संगणकीय साठ्यात आहेत. एकाच शहरात दोन इमारतींत ठेवलेल्या प्रती पुरात एकदमच धोक्यात येऊ शकतात, हे २६ जुलै २००५चा प्रलय अनुभवलेल्या मुंबईला वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यामुळे 'बॅकअप आहे' एवढ्या उत्तरावर कोणत्याही संस्थेने समाधान मानू नये. प्रत दुसऱ्या शहरात आहे काय, मूळ माहिती पुसली गेली तरी ती टिकेल काय आणि तिच्यातून सर्व माहिती परत उभी करण्याची चाचणी शेवटची कधी झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे तारखेनिशी देता आली पाहिजेत. अशा चाचण्यांना पैसा आणि वेळ लागतो, हे खरे. तथापि डेजॉनमध्ये न घेतलेल्या प्रतीची जी किंमत मोजावी लागली, तिच्या तुलनेत हा खर्च क्षुल्लकच म्हणावा लागेल.