मागच्या बाकावरचं पोरगं



दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा धाकटा तेव्हा अंबडला चौथीत होता. धडा वाचायला उभं केलं की अडखळायचा. ‘ब’चा ‘व’ व्हायचा, जोडाक्षर आलं की गप्प. पण बंद पडलेला पंखा हाती द्या, तासाभरात फिरवून दाखवायचा. शाळेतून बोलावणं आलं. गुरुजी म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्यातल्या पोरांचं वाचनात डोकं चालत नाही. पुढं एखाद्या धंद्याला लावा.”

मी काही बोललो नाही. घरी येऊन पोरालाच मारलं. जयंतीच्या व्यासपीठावरून ‘शिका’ म्हणून सांगणारा मी!

पुढं एका रविवारी टीव्हीवर ‘तारे जमीन पर’ लागला. २००७ चा सिनेमा. त्यातल्या ईशानला अक्षरं नाचताना दिसतात. आमचा धाकटा हळूच म्हणाला, “पप्पा, माझी पण अशीच हलतात.” तो सिनेमा मी पुढं बघू शकलो नाही.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धी कमी नसते. अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना मेंदूला जड जातं. मारून ते जात नाही. वेगळ्या पद्धतीनं शिकवलं तर पोर वाचू लागतं.

नंतर २०१४ साली नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. कैकाडी समाजातला जब्या हुशार, वयात येणारा पोरगा. पण गावाला तो दिसतच नाही, दिसते त्याची जात. शेवटी बापाबरोबर डुक्कर उचलून नेताना मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि जोतिबा दिसतात. आमच्या घरात तेव्हा कुणी बोललं नाही.

मग दोन्ही सिनेमे मी मनात शेजारी ठेवले. ईशानचा भाऊ वर्गात पहिला, घर सुशिक्षित. तिथं पोरगं नापास होणं नवलाचं, म्हणून कुणीतरी ‘का?’ विचारलं. आपलं पोरगं नापास झालं तर कुणाला नवल वाटत नाही. म्हणून ‘का?’ कुणी विचारत नाही. जातीचं उत्तर आधीच तयार असतं, आणि पोराची खरी अडचण त्याखाली दबून जाते.

२०१० च्या ‘माय नेम इज खान’मध्ये हेच अमेरिकेत घडतं. नायकाला ॲस्पर्जर, त्याचं वागणं इतरांहून वेगळं. पण नाव मुसलमानाचं, म्हणून विमानतळावर त्या वागण्याचा संशय घेतात.

दोष फक्त शाळेचा नाही. आपल्या वस्तीतही अशा लेकराला ‘येडं’, ‘मंद’ म्हणतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसं लपूनछपून गंडेदोरे बांधतात. तथागतांचा भिक्खू चुल्लपंथक आठवा. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावानं, महापंथकानं, त्याला विहार सोडून जायला सांगितलं. तथागतांनी त्याच्या हाती स्वच्छ कापडाचा तुकडा दिला आणि तो चोळत राहायला सांगितलं. कापड मळत गेलं, तसं त्याला अनित्य कळलं. तो अर्हत झाला. गाथा जमत नव्हती, तर वाट बदलली; माणूस टाकून दिला नाही.

आज कायदाही पाठीशी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही येतात. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. त्यासाठी सरकारी दवाखान्यात खेटे घालावे लागतात, रोज बुडतो. मीही घातले. जातीच्या दाखल्यासाठी घालतो, तसेच यासाठीही घालावेत.

आमचा धाकटा जादा वेळ घेऊन दहावी पास झाला. आयटीआय करून आता वायरमनचं काम करतो. मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, “पप्पा, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?”

आता माहीत झालं आहे. तुमच्या गल्लीत मागच्या बाकावर असं पोरगं असेल, तर मारू नका. आधी ‘का?’ विचारा. जयभीम.