११ विजय आणि १० गुण

१७ नोव्हेंबर २०२४ ची संध्याकाळ. जळगाव-धुळ्यात विधानसभेचा प्रचार टिपेला पोचलेला आणि मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या वेड्यांचं लक्ष बार्सिलोनाकडे. व्हॅलेन्सियाला पुराने झोडपलं, म्हणून हंगामाची अखेरची शर्यत बार्सिलोनाला हलवली होती. ती डुकाटीच्या फ्रान्सेस्को बान्यायाने जिंकली, हंगामातली त्याची ११ वी! जगज्जेता मात्र तिसरा आलेला होर्हे मार्टिन. ५०८ विरुद्ध ४९८ गुण. ११ शर्यती जिंकणाऱ्याने हरायचं, यावर चाहते चिडले तर त्यांचा राग आम्हाला समजतो. तरी आमचं मत मार्टिनलाच. बान्याया पुन्हा पुन्हा पडला; मार्टिन मात्र डुकाटीच्या मुख्य संघात नसूनही गुण जोडत राहिला. आणि हो, मोटोजीपीच्या वेगाने झपाटलेल्या खानदेशी पोरांना महामार्ग ५३ नको, सरावाला बंदिस्त ट्रॅक हवा. ही मागणी आम्ही लावून धरणार आहोत.